फ्रीजरची खंडेनवमी

आमच्या परसातल्या शेडमध्ये एक फ्रीजर होता आणि त्या फ्रीजरमध्ये माती होती. आयर्लंडमध्ये, ॲडम्सटाउनमधल्या मराठी मैत्रिणींना मी हे सांगितलं की त्या आधी हसायच्या आणि मग विचारायच्या, "अगं, मग मटार कुठे ठेवतेस?" मटार घरातल्या फ्रीजमध्ये. शेडमधल्या फ्रीजरमध्ये फक्त माती. अकरा कांड्या, हातभर लांब, मनगटाएवढ्या जाड, प्रत्येक कांडी पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत ठेवलेली. माझी दोन वर्षं त्या कांड्यांत गेली होती आणि पुढची नोकरीही त्यांच्यावरच ठरणार होती.

मी मातीची शास्त्रज्ञ. स्वीडनच्या अगदी उत्तरेला दलदलीत काही उंचवटे असतात. वर शेवाळ आणि खुरटी झुडपं दिसतात, पण आत शेकडो वर्षं न वितळलेला बर्फ असतो, आणि त्या बर्फात अडकलेली, पुरती न कुजलेल्या झाडपाल्याची काळी माती. अशा कायम गोठलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. गोठलेली आहे तोवर ती निवांत पडून असते. वितळली की आतले सूक्ष्म जीव जागे होतात, साठवणीतला पाला खायला लागतात, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हवेत जातात. त्याने हवा आणखी तापते आणि आणखी जमीन वितळते. माझा प्रश्न त्यातला एक छोटा तुकडा होता. वितळताना अगदी सुरुवातीला, बर्फात कोंडलेला वायू पहिल्यांदा सुटतो, तेव्हा त्या उसळीत नेमकं किती बाहेर पडतं? त्यासाठी कांडी बंद बरणीत ठेवून, ठरलेल्या तापमानाला वितळवायची आणि यंत्राने मोजायचं. अट एकच, त्याआधी ती एकदाही वितळलेली चालत नाही.

मार्चमध्ये कोरोनामुळे कॉलेजं बंद झाली तेव्हा आमच्या विभागातल्या शीतखोलीचा कॉम्प्रेसर आधीच दम टाकत होता, आणि बंद इमारतीत त्याच्याकडे बघायला कुणी येणार नव्हतं. माझी वरिष्ठ ग्रॉन्या म्हणाली, "घरी ने. घर तरी बंद होणार नाही." मग एक जुना, पेटीसारखा वर उघडणारा फ्रीजर विकत घेतला, तो शेडमध्ये बसवला, आणि मोजणीचं यंत्र वरच्या छोट्या खोलीत टेबलावर आणून ठेवलं. शीतखोलीचा नवा कॉम्प्रेसर 'पुढच्या महिन्यात' येणार होता, तो ऑक्टोबरपर्यंत पुढच्याच महिन्यात येत राहिला. दरम्यान ऑगस्टमध्ये स्वीडनहून एका सहकाऱ्याने फोटो पाठवला. मी ज्या उंचवट्यावर ड्रिल मारलं होतं तो खचून गेला होता आणि त्याच्या जागी तळं झालं होतं. फोटो बघून मी शेडमध्ये गेले, फ्रीजरचं झाकण उघडलं आणि सगळ्या कांड्या जागेवर आहेत याची खात्री करून आले. आता त्या उंचवट्याचं जगात एवढंच उरलं होतं.

आता माझ्या सासऱ्यांविषयी. दीनानाथ माझे सासरे, कुपवाडच्या एमआयडीसीत पंपांच्या कारखान्यात आयुष्यभर फोरमन. सासूबाई गेल्यावर मुकुलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना हट्टाने इकडे बोलावलं. फेब्रुवारीत आले, मेमध्ये परत जायचं तिकीट होतं. ते तिकीट गेलं, त्यानंतरचंही गेलं, आणि ते आमच्याकडे अडकले. मुकुल लिक्सलिपच्या, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात. तो लॉकडाउनमध्येही रोज कामावर जायचा, मी वरच्या खोलीत, सात वर्षांची शिवांगी स्क्रीनसमोर शाळेत. आणि दिवसभर हातावर हात ठेवून बसणं बाबांच्या स्वभावातच नाही. त्यांनी पहिल्या महिन्यात घरातली प्रत्येक बिजागरी तेल घालून गप्प केली. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या बाईंचं गवत कापायचं मशीन दुरुस्त केलं. भाषा एकमेकांची एका अक्षरानेही कळत नव्हती, तरी त्या बाई कुंपणावरून त्यांना 'ग्रँड मॅन' म्हणायच्या, इथे ग्रँड म्हणजे छान, आणि हे मान हलवायचे.

माझं आणि त्यांचं जमायचं. नाही असं नाही, माझ्या नाकावर राग असतो आणि त्यांना दर वाक्यात कारखाना आणायची सवय आहे, त्यामुळे खटके उडायचे. पण ते मला कधी 'मातीसाठी एवढा खटाटोप कशाला' म्हणाले नाहीत. फ्रीजर आला त्या दिवशी त्यांनी फक्त एवढं विचारलं की माती खराब होती का. मी म्हटलं, होते. "मंग बरोबर हाय," म्हणाले, आणि फ्रीजरचे चारही पाय पातळीत आणून दिले. मी त्यांना एकच गोष्ट बजावली होती, कांड्यांना हात लावायचा नाही. त्यांनी कधी लावला नाही.

ऑक्टोबरमध्ये इथे पुन्हा कडक लॉकडाउन लागला. त्याच आठवड्यात बाबांच्या मित्राची बातमी आली. पद्माकर त्यांच्याबरोबर एकाच शिफ्टला होते, निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी दोघं एका बाकावर बसायचे. मिरजेच्या दवाखान्यात सहा दिवसांत खेळ संपला. बाबांनी तो मेसेज वाचला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि दोन दिवस जेवायच्या टेबलापाशी आले आणि गेले, एवढंच. शिवांगी त्यांना तिच्या आयरिश सुरात विचारायची, "आजोबा, आर यू सॅड?" आणि ते तिच्या डोक्यावर हात ठेवायचे.

त्यामुळे दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते पहाटे उठून आंघोळ करून तयार झाले तेव्हा आम्हाला बरं वाटलं. खंडेनवमी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे नवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतात. कारखान्यात त्या दिवशी सगळी मशिनं बंद. धुऊनपुसून, तेलपाणी करून, हळदकुंकू लावून, फुलं वाहून त्यांना विश्रांती द्यायची. दसऱ्याला नारळ फोडून मग पुन्हा सुरू करायची. बाबांनी ही पूजा चाळीस वर्षं केली होती. लेथ यंत्रांच्या रांगेत पुढे ते आणि मागे पद्माकरकाका नारळ घेऊन.

आमच्या घरात लेथ नव्हता, पण त्याने काही अडलं नाही. सुपरमार्केटमधून पिवळ्या शेवंतीची कुंडी आणली होती, तिची फुलं संपेपर्यंत त्यांनी घर पालथं घातलं. वॉशिंग मशीनला कुंकू, मिक्सरला कुंकू, मुकुलच्या गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक. माझ्या लॅपटॉपला त्यांनी फार विचारपूर्वक एकच बोट लावलं. शिवांगी हळदीची वाटी घेऊन मागे मागे. मी खूप हसले. फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकले. दोन दिवस मी वरच्या खोलीत एका अहवालात बुडाले होते, मागच्या दाराने कोण जातंय येतंय तिकडे माझं लक्ष नव्हतं.

दसऱ्याच्या रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं श्रीखंडपुरी खायला बसलो. हिवाळ्यासाठी इथली घड्याळं त्याच दिवशी तासाने मागे गेली होती, बाहेर लवकर अंधारलं होतं. बाबांनी दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं. मुकुल माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाला, बघ, घेतलं. मी चेष्टेत विचारलं, बाबा, अजून कुठलं यंत्र राहिलं का हो पूजेचं?

"काय बी न्हाई राह्यलं," ते म्हणाले. "मागच्या शेडातल्या फ्रीजरला बी इसावा दिला. काल सकाळपास्नं. बिचारं मार्चपास्नं एक दिवस थांबलं न्हाई. आत बर्फाचं थर चढलं हुतं, तुज्या कांड्यास्नी हात न लावता गरम पाण्यानं धुऊन काढलं. आत्ता चार वाजता नारळ फोडला आन् चालू केलं बघ."

"आजोबा गेव्ह इट अ बाथ," शिवांगी म्हणाली.

मला पानावरून उठताना खुर्ची पडल्याचं आठवतंय. चपला घातल्या नव्हत्या, गवत ओलं होतं. शेडमध्ये दिवा लावला. फ्रीजर आतून लखलखत होता, मी तो विकत घेतला तेव्हाही एवढा स्वच्छ नव्हता. झाकणावर कुंकवाचं बोट आणि शेवंतीचं फूल. कांड्या जिथल्या तिथे, एकीलाही हात लागलेला नव्हता. पण प्रत्येक नळीच्या तळाशी काळं पाणी साचलं होतं आणि त्यावर नुकताच पापुद्र्यासारखा बर्फ धरू लागला होता. मातीतल्या बर्फाच्या पांढऱ्या रेघा, ज्या मी ड्रिल काढल्या काढल्या हात गारठेपर्यंत बघत बसले होते, त्या कुठेच नव्हत्या. माती बसली होती, खचली होती. आणि वास येत होता. दलदलीचा, सडक्या अंड्याचा वास. तो वास म्हणजे माझा प्रयोग होता. मी जे बरणीत धरून मोजणार होते ते शेडच्या दाराच्या फटीतून केव्हाच निघून गेलं होतं.

मुकुल मागून आला. त्याने एकदा आत पाहिलं आणि त्याला कळलं, या कांड्यांची दोन वर्षं माझ्याशेजारी काढून एवढं तर कळायलाच हवं. मी म्हटलं, मी आत्ता त्यांना सांगणार आहे. काय केलंत ते सांगणार आहे. माझा आवाज चढला असावा, कारण त्याने आधी शेडचं दार लावलं.

"आत्ता नको," तो म्हणाला. "रेवती, प्लीज. बातमी आल्यापासून पहिल्यांदा नीट जेवलेत ते."

मी त्याच्यावर ओरडले. त्याला म्हटलं, तुझ्या बापाचं जेवण आणि माझी दोन वर्षं. पुढेही बरंच म्हटलं. तो नुसता दार धरून उभा राहिला. मग म्हणाला की पद्माकरकाकांच्या बातमीनंतर ते रोज रात्री उठून बसतात, परत जाता येईल का हेसुद्धा माहीत नाही, आणि आज आपल्या सुनेच्या संशोधनाची सेवा केली म्हणून खूश आहेत. हे ऐकून मी ओरडायची थांबले. राग गेला म्हणून नव्हे, तो कुठे ठेवायचा ते कळेना म्हणून.

आम्ही आत आलो. बाबा पडलेली खुर्ची सरळ करून उभे होते, आणि काय झालं हे विचारायला घाबरल्यासारखे माझ्याकडे बघत होते. म्हणाले, काय चुकलं का पोरी?

"नाही, बाबा," मी म्हटलं. "छान केलंत."

ते खाली बसले आणि उरलेली पुरी खाल्ली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण किती सहज म्हणतो. मारुतीलाच गणपती म्हणून हात जोडायची वेळ माझ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा आली.

पुढचा महिना म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाबा आता रोज सकाळी चहानंतर शेडमध्ये चक्कर मारायचे. फ्रीजरचा आवाज ऐकायचे, झाकणाचं रबर पुसायचे. कुपवाडच्या ओळखीच्यांना फोनवर सांगायचे की सूनबाईच्या संशोधनात आपला बी हात हाय. मी जिन्यात उभी राहून हे ऐकायचे आणि दात आवळून वर जायचे. रात्री मुकुलशी भांडायचं तेसुद्धा कुजबुजत. कुजबुजत भांडण्याइतकं वाईट काही नाही, त्यात कुणाचंच समाधान होत नाही.

आणि एका रात्री मुकुल म्हणाला, "पण ते पुन्हा गोठलंय ना? तसंच वापरलं तर? कुणाला कळणार आहे?"

त्याच्यावर चिडायचा हक्क मला नव्हता, कारण हा विचार मी त्याच्या आधीच केला होता. ग्रॉन्याला जानेवारीपर्यंत अकरा कांड्यांचे आकडे हवे होते. आकडे गेले तर माझा करार वाढणार होता, नाहीतर फेब्रुवारीत संपणार होता. नुसतं बघायला म्हणून मी एक कांडी वर आणली, बरणीत घातली, यंत्राला जोडली. पहिली उसळी अर्थातच आली नाही. ती शेडमध्ये होऊन गेली होती. आकडा आला तो मी आधी मोजून संपवलेल्या जुन्या कांड्यांच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. तक्त्यात मात्र तो फार देखणा दिसत होता. कमी आकडा सगळ्यांना आवडतो. तो छापला असता तर कुणीतरी कुठल्यातरी बैठकीत तो दाखवला असता, बघा, वाटलं होतं त्यापेक्षा कमीच निघतंय, आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. चुकीच्या आकड्यावर पोट भरायला लोक फार उत्सुक असतात. मी तो तक्ता पुसून टाकला. बरणी मात्र तशीच चालू ठेवली, का ते मला सांगता येणार नाही. कदाचित पुढे काय होतं ते बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी ग्रॉन्याला व्हिडिओवर सांगितलं की कांड्या वितळल्या, सगळ्या, आता काही उरलं नाही. ती ऑफली या दलदलीच्या परगण्यातली, तिचे वडील अजूनही दलदलीतून सरपणासाठी पीटच्या, म्हणजे तसल्याच अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या मातीच्या, विटा कापतात, आणि ती त्यांच्याशी दर नाताळात त्यावरून भांडते. तिला 'उरलं नाही' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. तिने विचारलं, कसं झालं? कारण तिला कारण लिहावं लागणार होतं.

"पॉवर कट," मी म्हटलं.

तिनेच नाही का म्हटलं होतं, घर बंद होणार नाही. ती म्हणाली, अरेरे, रेवती. मग म्हणाली की ती प्रयत्न करेल, पण या तुकडीशिवाय करार वाढवून मागायला तिच्या हातात काही नाही. मी म्हटलं, ग्रँड, समजू शकते. फोन बंद केला. ग्रँड काहीच नव्हतं.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाबा चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभे होते. ते मला रोज चारला चहा आणून द्यायचे, हे मी त्या गडबडीत विसरले होते. इंग्रजी त्यांना येत नाही. पण पॉवर कट हा शब्द कुपवाडच्या एमआयडीसीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला इंग्रजी वाटत नाही.

त्यांनी कप टेबलावर ठेवला. "लाइट कवा गेली हुती?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, गेली होती मध्ये एकदा.

"न्हाई," ते म्हणाले. "फेब्रुवारीपास्नं हितं हाय मी. या देशात लाइट गेल्याली मी बघितली न्हाई. रोज म्हणतो मी पोरांना, काय लाइट हाय." ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना मला दिसत होती, पडलेली खुर्ची, ओले पाय, माझं ते 'छान केलंत'. "मी बंद केला तवा गेलं का?"

मी म्हणू शकले असते, नाही बाबा. मुकुल असता तर नक्की म्हणाला असता. पण इतके दिवस खोटं बोलून बोलून मी इतकी थकले होते की माझ्या तोंडून 'हो' आलं, आणि आल्यावर मला रडू फुटलं. त्यांचं काय होईल याने नाही. मोकळं झाल्याचं रडू.

ते टेबलापाशी बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "तिला खरं लिव. दीनानाथनं बंद केला म्हणून लिव. लाइटीवर कशापाई ढकलायचं." मी म्हटलं, लिहीन. ते म्हणाले, आत्ता लिव. मी त्यांच्यासमोर ग्रॉन्याला दोन ओळी लिहिल्या, त्यांचं नाव घालून, आणि पाठवल्या. त्यांना त्या वाचता येत नव्हत्या, पण पाठवल्याचा आवाज येईपर्यंत ते स्क्रीनकडे बघत राहिले.

मग त्यांनी विचारलं, काय गेलं ते दाखव. माती तर तिथंच हाय. पुन्हा गोठलीय बी.

म्हणून मी त्यांना बरणी दाखवली. महिना होऊन गेला होता, तरी यंत्राच्या पडद्यावरचा आकडा हळूहळू वर सरकत होता. मी त्यांना सांगितलं, सोप्या मराठीत, जे मी मार्चमध्ये सांगायला हवं होतं म्हणा किंवा कुणीच कुणाला सांगत नाही म्हणा. की आत जीव आहेत, ते जागे झालेत आणि खाताहेत, त्यातून वायू निघतो आणि हवेत जातो, हवा तापते. त्यांनी विचारलं, मग परत फ्रीजरला टाकायचं. मी म्हटलं, टाकलं तर थांबेल. पण निघालेलं परत आत जात नाही, बाबा. यावर त्यांनी मान हलवली. जास्त तापून लोखंडाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला की नुसतं गार करून तो परत येत नाही हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"आन् तिकडं?" त्यांनी विचारलं. "जितनं आणलं तितं बी असंच?"

तिथला उंचवटा गेला, मी म्हटलं. तिथे आता पाणी आहे.

"एकच हुता का?"

मी म्हटलं, नाही. तशी जमीन स्वीडनमध्ये आहे, रशियात आहे, कॅनडात आहे, अलास्कात आहे. महाराष्ट्र त्यात कित्येकदा मावेल एवढी आहे. आणि ती वितळायला लागली आहे. त्यांनी ते मनात मोजल्यासारखं केलं, मग सोडून दिलं. आकडा आणखी एका घराने वर गेला. त्यांनी बरणीवर बोट ठेवलं, लॅपटॉपला कुंकू लावताना ठेवलं होतं तसंच, जपून.

"हा मी बंद केला," ते म्हणाले. "तिकडचा कुणी केला?"

खाली घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर सुरू झाला, पाइपांमधून गरम पाणी वर चढल्याचा आवाज आला. ज्या विमानाने ते आले होते, ज्या विमानांनी मी त्या कांड्या आणायला चारदा उत्तरेला गेले होते, मुकुलची गाडी, हे घर, सगळ्यातून तोच वायू हवेत जात होता. मला काहीतरी लांबलचक, शहाणपणाचं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "आपण, बाबा. सगळ्यांनी मिळून."

त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी वाद घातला नाही. नुसते उठले, माझा गार झालेला चहा उचलला आणि दारापाशी जाऊन थांबले.

"आन् त्या सगळ्यास्नी सांगितलंय का न्हाई?" ते म्हणाले. "का त्यास्नी बी छान केलंत म्हणतायसा?"

ते चहा पुन्हा गरम करायला खाली गेले.